मराठी मजकुराचे शब्द मोजताना ऑनलाइन साधनावर किती विसंबावे?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या साहित्य संमेलनानिमित्त शालेय निबंध स्पर्धा ठेवली आहे आणि मर्यादा ८०० शब्दांची आहे. एका मुलीने टाइप करून पाठवलेला निबंध वर्डमध्ये ७८८ शब्दांचा दिसतो. तोच एका ऑनलाइन साधनात टाकला तर २४६१ शब्द येतात आणि दुसऱ्यात शून्य. शिवाय 'कॅरेक्टर' म्हणून पाच हजारांच्या पुढचा आणखी एक आकडा आहेच. परीक्षकांपैकी एकांनी २४६१ हा आकडा धरून निबंध बाद करावा असे सुचवले आहे, आणि खरे काय हे तुम्हाला हवे आहे.

निबंध बाद करू नका. ७८८ हाच आकडा धरा. त्या मुलीने मर्यादा पाळली आहे.

मी बेळगावात बरीच वर्षे मराठी-कन्नड मजकुराची जुळणी आणि मुद्रितशोधन करतो. संमेलनांच्या स्मरणिका, शाळांची हस्तलिखिते, सोसायट्यांचे अहवाल, निवेदने असे सगळे मॅटर हातून जाते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा अशा गावांनी आपापली संमेलने उभी केली आणि त्यांच्याबरोबर निबंध, कथा, वक्तृत्व अशा स्पर्धाही आल्या. पूर्वी मजकूर हाताने लिहून यायचा, तेव्हा 'दोन फुलस्केप' एवढे सांगितले की काम भागायचे. आता मुले मोबाइलवर टाइप करतात, नियमात शब्दसंख्या येते आणि ती मोजायला परीक्षक गूगलवर सापडेल ते पहिले साधन उघडतात. ही साधने बहुतेक इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. मराठी मजकूर त्यांत बिनदिक्कत चिकटवता येतो आणि आकडाही लगेच येतो, म्हणून तो बरोबरच असणार असे वाटते.

दोन साधनांत एवढी तफावत का पडते ते आधी सांगतो, कारण परीक्षकांना समजावताना तुम्हाला ते लागेल.

शब्द मोजायची सर्वांत सरळ पद्धत म्हणजे मजकूर मोकळ्या जागांवर तोडायचा आणि किती तुकडे झाले ते पाहायचे. वर्ड ढोबळमानाने हेच करते. मराठीत शब्दांमध्ये जागा सोडतात, त्यामुळे ही पद्धत आपल्याला चालते. पण अनेक ऑनलाइन साधने जागा पाहत नाहीत. ती 'अक्षर' शोधतात, आणि अक्षर नसलेले काही भेटले की शब्द संपला असे मानतात. अक्षर कशाला म्हणायचे हे त्या साधनाच्या प्रोग्रॅममध्ये ठरलेले असते. तिथे फक्त रोमन लिपीची अक्षरे धरलेली असतील तर आख्ख्या निबंधात त्याला एकही अक्षर सापडत नाही, म्हणून शून्य. दुसऱ्या प्रकारचे साधन देवनागरी व्यंजने ओळखते, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांना अक्षर मानत नाही. मग प्रत्येक कान्याला, प्रत्येक वेलांटीला शब्द तुटतो. 'बेळगाव' लिहिले की त्याला 'ब', 'ळग' आणि 'व' असे तीन शब्द दिसतात. तुमच्या २४६१ चा उगम हाच. खऱ्या शब्दसंख्येच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आकडा दिसला तर हाच दोष समजावा.

म्हणून कुठल्याही साधनात खरा मजकूर टाकण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. मी त्यासाठी एक वाक्य ठरवून ठेवले आहे:

बेळगावच्या विद्यार्थ्यांनी निबंध वेळेत लिहिला.

शब्द पाच. हे कोणीही बोटावर मोजू शकतो. साधनाने पाच सांगितले तर पुढे जा. शून्य आले तर ते साधन बंद करा. वीस आले तर ते मात्रांवर शब्द तोडते आहे. या वाक्यात असे तोडले की बरोबर वीस तुकडे होतात, एकट्या 'विद्यार्थ्यांनी'चे सात.

पुढची परीक्षा: हेच वाक्य दहा वेळा, प्रत्येक वेळी एंटर मारून, एकाखाली एक चिकटवा. पन्नास यायला हवेत. एक्केचाळीस आले तर साधन फक्त स्पेस ओळखते आणि ओळ बदलली तरी शब्द बदलला हे त्याला कळत नाही. एका ओळीतला शेवटचा आणि पुढच्या ओळीतला पहिला शब्द ते जोडून मोजते. जुन्या सवयीने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. त्यांच्या मजकुरात असे साधन पानामागे पंचवीस-तीस शब्द सहज गिळते. मग दोन शब्दांमध्ये मुद्दाम दोन-तीन स्पेस द्या. आकडा वाढला तर ते रिकाम्या जागेलाही शब्द धरते.

या तीन चाचण्यांत टिकले ते साधन शब्दांसाठी वापरायला हरकत नाही. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते परीक्षक मंडळाने एकदाच करून त्या साधनाचा दुवा सगळ्यांना कळवावा.

आता 'कॅरेक्टर'कडे येतो. तिथे साधन निर्दोष असले तरी गोंधळ होतो. वर दिलेल्या वाक्यात मराठी माणसाला दिसणारी अक्षरे अठरा: बे, ळ, गा, व, च्या; वि, द्या, र्थ्यां, नी; आणि पुढची नऊ. पण संगणक मजकूर अक्षरांत साठवत नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक पट्टा राखलेला आहे. त्यात व्यंजनाला वेगळी खूण, कान्याला वेगळी, वेलांटीला वेगळी, अनुस्वाराला वेगळी आणि पाय मोडायलाही वेगळी. 'र्थ्यां' हे आपल्याला एक अक्षर दिसते, संगणकाच्या लेखी त्यात र, पायमोड, थ, पायमोड, य, काना आणि अनुस्वार अशा सात खुणा आहेत. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, आत सहा खुणा. या हिशोबाने आपल्या वाक्यात स्पेस आणि पूर्णविराम धरून ४६ कॅरेक्टर होतात, स्पेस सोडून ४२. बहुतेक साधने हाच आकडा दाखवतात, आणि तो चुकीचा नाही.

काही नवी साधने डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरांच्या जवळ जाणारी मोजणी करतात. त्यातही अलीकडेपर्यंत जोडाक्षरे पायमोडावर तुटायची, 'च्या' म्हणजे 'च्' आणि 'या' असे दोन धरले जायचे. युनिकोडच्या २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम आला. सगळ्या ब्राउझरांत आणि साधनांत तो अजून पोहोचलेला नाही. म्हणून स्पेस आणि पूर्णविराम धरून एक साधन २३ सांगेल, दुसरे २७, तिसरे ४६, आणि तिघेही आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतील.

चौथा आकडाही असतो, बाइटचा, म्हणजे मजकूर साठवायला संगणकात लागणाऱ्या जागेचा. इंटरनेटवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, इंग्रजी अक्षर एकच. आपले वाक्य १२८ बाइटचे होते. हे एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, पण काही ठिकाणी मर्यादा बाइटमध्येच असते. संमेलनाच्या भाषणांचे व्हिडिओ यूट्यूबवर चढवणाऱ्या मुलांना हे लागेल. तिथे शीर्षकाची मर्यादा १०० कॅरेक्टरची, पण वर्णनाची तांत्रिक मर्यादा ५००० बाइटची आहे. म्हणजे शुद्ध मराठीत साधारण १६६६ खुणा. इंग्रजी वर्णनाच्या एक तृतीयांश जागा आपल्या हाती येते. वक्त्यांची नावे, सत्रांचे विषय, आभार असे सगळे मराठीत लिहिले की शेवटचा भाग बसत नाही आणि कारण कळत नाही.

एसएमएसचेही असेच. गावात सभेचे निरोप अजून एसएमएसने जातात, विशेषतः वयस्कर सभासदांना. रोमन लिपीत एका संदेशात १६० कॅरेक्टर बसतात, मराठीत ७०. लांब संदेश तुकड्यांत जातो तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७. मराठीतला १४० खुणांचा निरोप तीन संदेशांचा होतो आणि पैसेही तीन संदेशांचे जातात. इंग्रजी संदेशात एकच मराठी अक्षर किंवा एखादे चित्रचिन्ह घातले तरी पूर्ण संदेशाला ७० चा नियम लागतो. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) मात्र आपल्याला तोटा नाही. तिथे २८० च्या मोजणीत देवनागरीची प्रत्येक खूण एकच धरली जाते.

एकाच शब्दाचे दोन आकडे येणे हेही मराठीत घडते. 'दऱ्या' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, 'ऱ' ही स्वतंत्र खूण घेऊन. दुसरी, साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पहिल्या तऱ्हेत पाच खुणा होतात, दुसऱ्या तऱ्हेत सहा, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. 'ॲप' मधल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या सवयीने 'अ' वर चंद्र चढवणारे कीबोर्ड अजून वापरात आहेत, तिथे खुणा वाढतात. अशा फरकावरून कोणाचा मजकूर 'मर्यादेबाहेर' ठरवणे मला अजिबात मान्य नाही. स्पर्धेच्या नियमात कॅरेक्टरची मर्यादा ठेवूच नये असे मी आग्रहाने सांगतो.

शब्दसंख्येकडे परत येऊ. साधन बरोबर असले तरी आकडा फुगवणाऱ्या काही गोष्टी खुद्द मजकुरात असतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शब्द तोडून लिहिण्याची सवय. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहायचे असते: घरासमोर, शाळेमध्ये, आईसाठी, गावापर्यंत, त्याच्यापेक्षा. मुले 'शाळे मध्ये', 'आई साठी', 'गावा पर्यंत' असे लिहितात. हिंदीचे वाचन, मोबाइलच्या कीबोर्डने सुचवलेले तुकडे, आणि पुष्कळदा फलकांवर दिसणारे तसलेच मराठी, ही त्याची कारणे. आठशे शब्दांच्या निबंधात असे तीस-चाळीस तुकडे सहज सापडतात. मोजण्याआधी शोध-चौकटीत स्पेस आणि त्यापुढे 'साठी' असे टाकून पाहा. मग 'मध्ये', 'पर्यंत', 'पेक्षा', 'बरोबर', 'सुद्धा', 'शिवाय'. सरसकट बदलू नका, कारण 'बरोबर' आणि 'शिवाय' काही वेळा स्वतंत्र शब्द म्हणूनही योग्य असतात. मर्यादेच्या थोडा पलीकडे गेलेला निबंध बाद करण्याआधी एवढे पाहिलेच पाहिजे. मुलाचे शुद्धलेखनाचे गुण हवे तर कापा. तोडून लिहिलेल्या प्रत्ययांमुळे त्याने लांबीचा नियम मोडला असे मात्र म्हणू नका.

विसर्गाचीही एक गोष्ट आहे. 'दुःख' मध्ये विसर्ग सापडला नाही की लोक कोलन टाकतात. काही साधने कोलनवर शब्द तोडतात आणि एका दुःखाचे दोन शब्द होतात. 'आई-वडील', 'ये-जा' अशा जोडशब्दांत साधनासाधनात फरक पडतो. लिबरऑफिसमध्ये तर लांब डॅशवर शब्द तोडायचा की नाही हे आपण स्वतः ठरवू शकतो. दोन बाजूंना जागा सोडून दिलेल्या डॅशला वर्ड एक शब्द धरते. हाताने टाइप केलेला '१.' हा क्रमांकही शब्द म्हणून मोजला जातो, आपोआप येणारा क्रमांक जात नाही. असल्या फरकांमुळे आठशे शब्दांत दहा-पंधरा शब्द इकडेतिकडे होतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर मात्र कधीही मोजू नका. पीडीएफमधून देवनागरी बाहेर काढताना शब्दांच्या मधोमध जागा शिरतात, 'वि द्या र्थी' असे काहीतरी हाती लागते, वेलांट्या जागा बदलतात. मूळ फाइल मागवा.

आपल्या भागात आणखी एक अडचण नेहमी येते, जुने फॉन्ट. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या डीटीपी सेंटरांत वर्षानुवर्षांचा साठा श्री-लिपी, आकृती अशा फॉन्टांमध्ये आहे, कन्नडचा नुडी आणि बरहामध्ये. त्या मजकुरात पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे रूप देतो. तो ऑनलाइन साधनात चिकटवला की फॉन्ट निघून जातो आणि अनोळखी चिन्हांची रांग उरते. शब्दांमधल्या जागा तशाच राहतात, त्यामुळे स्पेसवर मोजणारे साधन शब्दसंख्या जवळपास बरोबर देते. चिन्हांवर तोडणारे साधन मात्र पार चुकते, कारण या फॉन्टांत एखादा काना किंवा अर्धे अक्षर स्वल्पविरामाच्या, कंसाच्या किंवा तशाच चिन्हाच्या जागी बसवलेले असते. कॅरेक्टरच्या आकड्याला तिथे काहीच अर्थ नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा. रफार आणि ऱ्य इथे परिवर्तक, म्हणजे जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, हमखास घसरतो.

सीमाभागात शब्दमर्यादेला एक वेगळे वजन येते ते माहिती अधिकाराच्या अर्जात. तुम्ही विचारले नसले तरी सांगतो, कारण तुमच्यासारख्या शिक्षकांकडेच गावकरी अर्ज लिहून घ्यायला येतात. कर्नाटकाच्या माहिती अधिकार नियमांत २००८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अर्ज एकाच विषयापुरता असावा आणि साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा असा नियम आहे. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे, त्यात पत्ते आणि जोडपत्रे धरत नाहीत, आणि निव्वळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येत नाही असेही तिथे लिहिले आहे. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. त्यामुळे आपल्याकडे माणूस मराठीत सांगतो, आपण मराठीत मसुदा करतो आणि शेवटी तो कन्नडमध्ये जातो. मराठी मसुद्याचे शब्द मोजून घाबरू नका. कन्नड आपल्यापेक्षाही जास्त जोडून लिहिते. 'देण्यात आले आहे का' या चार शब्दांसाठी कन्नडमध्ये 'नीडलागिदेये' हा एक शब्द पुरतो. मराठीत १८० शब्दांचा मसुदा कन्नडमध्ये पुष्कळदा दीडशेच्या आत बसतो. उलट तोच इंग्रजीत नेला तर फुगतो. म्हणून मोजणी नेहमी ज्या भाषेत अर्ज द्यायचा त्या भाषेच्या अंतिम मसुद्यावर करावी. वरची पाच शब्दांची चाचणी कन्नड वाक्य घेऊनही तशीच करावी लागते, कारण कन्नड लिपीतही मात्रा स्वतंत्र खुणा आहेत आणि तीच साधने तिथेही तशीच चुकतात.

याच कारणामुळे, कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या मुलांना एकच शब्दमर्यादा लावणाऱ्या स्पर्धा मला खटकतात. 'घरासमोरच्या' हा मराठीत एक शब्द, हिंदीत 'घर के सामने वाले' असे चार. ५०० शब्दांत मराठी मुलाला इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा जास्त मजकूर लिहावा लागतो, आणि ५०० भरले नाहीत म्हणून गुण गेले तर तो त्याच्यावर अन्याय आहे. मुले समोर बसून लिहिणार असतील तर वेळ ठरवून द्यावी, तासभर किंवा दीड तास. घरून लिहून आणायचे असेल तर भाषेप्रमाणे मर्यादा वेगळी ठेवावी. आपल्याकडे मराठीत लिहिणाऱ्या मुलाला पुढे मराठीचा उपयोग काय, असे विचारणारे घरीदारी भेटतात. तरीही ते मूल आठशे शब्द लिहिते. त्या लेखनाला निदान मोजणीत तरी न्याय मिळावा, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

साधनांत 'वाचायला लागणारा वेळ' असाही एक आकडा येतो. तो मनातल्या मनात इंग्रजी वाचण्याच्या वेगावर बेतलेला असतो, मिनिटाला दोनशेच्या वर शब्द. व्यासपीठावर मराठी भाषण मिनिटाला १०० ते १२० शब्दांच्या वेगाने जाते, जोरकस वक्त्याचे त्याहूनही कमी. पाच मिनिटांच्या वक्तृत्वासाठी साडेपाचशे शब्द पुष्कळ झाले. साधनावर विसंबून मुलाने हजार शब्द पाठ केले तर घंटा वाजेल तेव्हा तो मध्यावर असेल.

स्मरणिकेची पाने काढायची असतील तर डेमी आकारात, चौदा पॉइंटच्या आसपास, एका पानावर साधारण २५० ते २८० मराठी शब्द बसतात. सोळा पानांचा फॉर्म (एकत्र छापून घडी घातला जाणारा पानांचा गठ्ठा) धरून हिशेब करा आणि शीर्षके, फोटो, जाहिरातींसाठी जागा वेगळी काढा. यापेक्षा बारीक अंदाज जुळणीनंतरच येतो.

मजकूर कुठे चिकटवतो याचेही भान हवे. पुष्कळ साधने मोजणी तुमच्याच ब्राउझरमध्ये करतात, काही मात्र मजकूर आपल्या सर्व्हरकडे पाठवतात. ओळखायची सोपी युक्ती अशी: पान उघडा, मग इंटरनेट बंद करा आणि चाचणीचे वाक्य टाका. आकडा आला तर मोजणी तुमच्या यंत्रातच होते आहे. तरीही प्रश्नपत्रिका, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, स्पर्धेच्या अप्रकाशित कथा असे काही ऑनलाइन टाकू नये. त्यासाठी वर्ड किंवा लिबरऑफिस पुरेसे आहे. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सी ही बटणे एकत्र दाबली की शब्द, स्पेससह कॅरेक्टर आणि स्पेसशिवाय कॅरेक्टर असे तिन्ही आकडे येतात. वर्डच्या शब्दमोजणीच्या चौकटीत तळटिपा धरायच्या की नाहीत याची खूणही असते. निबंधाला तळटिपा असतील तर ती आधी पाहा.

तुमच्या पुढच्या पत्रकासाठी नियमाचे शब्द मी असे सुचवतो: "निबंध ८०० शब्दांपर्यंत असावा. शीर्षक, स्पर्धकाचे नाव व शाळेचे नाव यांचे शब्द धरले जाणार नाहीत. शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधील मजकूर. मोजणी वर्डमध्ये केली जाईल. मर्यादेपेक्षा पाच टक्के जास्त मजकूर चालेल. निबंध युनिकोडमध्ये टाइप करून फाइल पाठवावी किंवा स्वहस्ताक्षरात लिहावा." एवढे छापले की साधनावरून वाद होणार नाही. पाच टक्के म्हणजे चाळीस शब्द. जोडशब्द, डॅश आणि क्रमांकांचे फरक त्यात आरामात मावतात.

हाताने लिहिलेल्या निबंधांचे तुम्ही विचारले नाही, पण गावातून येणाऱ्यांत तेच जास्त असतील. त्यांना साधन लावायला जाऊ नका. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मजकूर उचलून मोजण्याची सोय आहे, पण मुलांच्या मराठी हस्ताक्षरात तिच्यावर निर्णय सोपवण्याइतका भरवसा मला नाही. निबंधाच्या मधल्या पानावरच्या दहा ओळींतले शब्द मोजा, त्याला दहाने भागा आणि एकूण ओळींनी गुणा. पहिले आणि शेवटचे पान या सरासरीसाठी घेऊ नका, तिथे अक्षर मोठे किंवा घाईचे असते. हिशेब ७५० च्या आत आला तर पुढे मोजण्याची गरज नाही. त्यावर आला तर पूर्ण निबंध मोजा, आणि तो दोन परीक्षकांनी वेगवेगळा मोजावा.